नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि मांजरीची जात

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात मांजरीच्या जातीचीही भर घालावी की काय, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे. त्याचं कारण आज सांगणार आहे. गोष्ट तशी एका मांजरीची. पण तिचा माग काढायला निघालो आणि मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रापलीकडे जाऊन, लंडनच्या एका काचेच्या महालात डोकावून, शेवटी आपल्याच किनाऱ्यावर परत आलो.

माझी मुलगी दर रविवारी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मदतीला जाते. सोडून दिलेली, जखमी झालेली, पावसाळ्यात गटारातून काढलेली कुत्री-मांजरं तिथे ठेवतात, औषधपाणी करतात आणि कुणी घर देत असेल तर त्याच्या हवाली करतात. तिथल्या एका पिंजऱ्यावर कार्ड लावलेलं होतं : 'मादी. वय अंदाजे दीड वर्ष. अबिसिनियन?' शेवटी प्रश्नचिन्ह. आत एक सडपातळ मांजर बसलेली. रंग तपकिरी, पण साधा तपकिरी नव्हे. मुंगसाच्या पाठीवर जशी काळी-पिवळी झाक असते, प्रत्येक केस वेगळा रंगवल्यासारखा, तशी तिची पाठ. डोळे हिरवट सोनेरी.

ते प्रश्नचिन्ह कुणी चांगल्या हेतूनंच लिहिलं असणार. भारी नाव पाहून तरी कुणी नेईल, एवढाच हेतू. झालं उलटंच. लोक यायचे, हरखून बघायचे आणि विचारायचे, "नक्की अबिसिनियन आहे ना? कागद आहेत का?" कागद नाहीत म्हटलं की चेहरा पडायचा. "मग गावठीच म्हणा की!" असं म्हणून पुढे जायचे. शेजारच्या पिंजऱ्यातली पांढरी, लांब केसांची मांजर 'पर्शियन' म्हणून दोन दिवसांत गेली. ही मात्र महिनोन् महिने तिथेच. अबिसिनियन म्हणून मागणारे कागद मागत आणि साधी मांजर हवी असलेले "एवढी भारी मांजर आम्हाला कशी झेपणार?" म्हणून मागे सरत. त्या एका प्रश्नचिन्हामुळे ती दोन्हीकडून गेली होती.

मुलगी एक दिवस म्हणाली, "अब्बा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. ही अबिसिनियन आहे की नाही, तेवढं शोधून द्या ना." मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. मांजरीचं शास्त्र मला कुठलं? पण मुलीनं सांगितलं, म्हणून लागलो शोधायला.

आधी जे डोळ्यांना दिसतं ते पाहू. या मांजरीच्या एकेका केसावर फिकट आणि गडद रंगाचे आडवे पट्टे असतात. दक्षिण अमेरिकेत अगूटी नावाचा एक कुरतडणारा प्राणी आहे. त्याचे केस असेच असतात म्हणून या रंगाला शास्त्रज्ञ 'अगूटी' म्हणतात. आपल्याला मुंगूस किंवा ससा आठवला तरी पुरे. बहुतेक पट्टेरी मांजरांत हे अगूटी केस आणि काळे केस यांची वाघासारखी नक्षी तयार होते. अबिसिनियनमध्ये ती नक्षी अंगावरून पुसलेली असते. सगळं अंग एकसारखं, दाणेदार झाक असलेलं. कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी खूण तेवढी राहते.

पण प्रदर्शनातल्या जातिवंत अबिसिनियनला एवढ्यावर भागत नाही. तिचे कान मोठे आणि सावध हवेत. डोकं हलक्या गोलाईचं, पाचरीसारखं हवं. पाय लांब, सडपातळ, आणि त्यांवर आडव्या रेघा नकोत. गळ्यात माळेसारखी रेघ नको. पांढरा रंग हनुवटीच्या आणि नाकपुड्यांच्या आसपास चालेल, छातीवर ठिपका किंवा पायात पांढरे मोजे असले की ती बाद. शेपटीचं टोक गडद हवं. ही यादी हातात घेऊन मी पिंजऱ्यासमोर बसलो. आमच्या मांजरीच्या पुढच्या पायांवर फिकट रेघा होत्या. गळ्यावर एक माळ, तुटल्यासारखी. छातीवर नखाएवढा पांढरा ठिपका. परीक्षेत तीन विषयांत नापास.

तिथे येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते हसले. म्हणाले, "सर, मांजर बघून जात सांगता येत नाही. दिसणं सांगता येतं. जात ही कागदावर असते. आई-बाप, आजे-पणजे नोंदलेले असतील तर ती जातिवंत. नसतील तर ती आखूड केसांची देशी मांजर, मग दिसायला राणी का असेना." पायांवरच्या रेघांचंही त्यांनी कारण सांगितलं. या दाणेदार रंगाचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तर अंग स्वच्छ राहतं. एकाकडूनच आलं तर पायांवर, शेपटीवर रेघा उरतात. ते जनुक रस्त्यावरच्या मांजरांतही फिरत असतं. त्यासाठी आजी अबिसिनियन असायची गरज नसते.

मग माझ्या मनात आलं, ज्या मांजरीकडे पहिल्यांदा कागद आले, तिच्या आईचे कागद कुठे होते? आणि तिला अबिसिनियन हे नाव दिलं तरी कुणी?

अबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. १८६० च्या दशकात तिथे सम्राट टेवोड्रोस राज्य करत होता. इंग्रज त्याला थिओडोर म्हणत. त्यानं व्हिक्टोरिया राणीला पाठवलेल्या पत्राला उत्तर आलं नाही. अपमान झाला असं वाटून त्यानं इंग्रज वकील आणि काही मिशनरी कैद केले. त्यांना सोडवायला इंग्रजांनी जी फौज पाठवली ती लंडनहून निघाली नाही. ती आपल्या मुंबईहून निघाली. मुंबईच्या फौजेचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर तिचे प्रमुख होते. सुमारे तेरा हजार सैनिक, त्यांच्याहून जास्त हमाल, भिस्ती, मोतद्दार, खेचरं, उंट आणि तोफा ओढायला ४४ हत्ती. हत्ती जहाजातून समुद्रापार नेले, यावरून त्या मोहिमेचा डामडौल लक्षात यावा.

ही फौज १८६७ च्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या काठी एका लहानशा गावाजवळ उतरू लागली. त्या गावाचं नाव झूला. एवढं नाव ध्यानात ठेवा. तिथून डोंगरदऱ्या तुडवत सुमारे साडेसहाशे किलोमीटर चालून ती मगदलाच्या गडापाशी पोचली. १३ एप्रिल १८६८ रोजी गड पडला आणि टेवोड्रोसनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. कैदी त्याआधीच सुटले होते. मग लूट झाली. हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधली भांडी, हाती लागेल ते इंग्लंडला गेलं. त्यातल्या कितीतरी वस्तू आजही तिथल्या संग्रहालयांत आहेत आणि इथिओपिया त्या परत मागतो आहे.

लुटीबरोबर दोन जिवंत जीव इंग्लंडला गेले, असं म्हणतात. त्यातल्या एकाबद्दल शंका नाही. तो होता सम्राटाचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू. वाटेतच त्याची आई वारली. तो इंग्लंडमध्ये वाढला, तिथल्या शाळांत शिकला, कुठेच रमला नाही आणि १८७९ साली अवघ्या अठराव्या वर्षी गेला. विंडसरच्या राजवाड्याच्या आवारातल्या चर्चपाशी त्याला पुरलं आहे. त्याच्या अस्थी मायदेशी द्याव्यात ही मागणी इथिओपियानं वारंवार केली. २०२३ साली राजवाड्यानं ती पुन्हा एकदा नाकारली.

दुसरा जीव म्हणजे एक मांजर. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारात डॉक्टर असलेल्या लेखकानं १८७४ मध्ये मांजरांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एका मांजरीचं रंगीत चित्र आहे. ती एका इंग्रज कॅप्टनच्या पत्नीची, युद्ध संपल्यावर अबिसिनियातून आणलेली, अशी माहिती दिली आहे. मांजरीचं नाव झूला. फौज जिथे उतरली त्याच गावाचं नाव.

या दोन जिवांचं मला राहून राहून नवल वाटतं. ज्याचा बाप-आजा साऱ्या देशाला ठाऊक होता, तो मुलगा परक्या घरी पोरका झाला. आणि जिचे आई-बाप कुणालाच ठाऊक नव्हते, त्या मांजरीच्या नावावर एक अख्खं घराणं उभं राहिलं.

कसं उभं राहिलं, तेही ऐकण्यासारखं आहे. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, म्हणजे त्या प्रसिद्ध काचेच्या महालात, मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. भरवणारा हॅरिसन वेअर हा चित्रकार होता. पुस्तकांसाठी प्राणी-पक्ष्यांची चित्रं काढायचा. त्या काळी इंग्लंडात कुत्र्या-घोड्यांना मान होता. मांजर म्हणजे उंदीर मारण्यापुरती. तिच्याकडे लोकांनी जरा आपुलकीनं बघावं, एवढीच वेअरची इच्छा. लोकांची झुंबड उडाली. पुढे अशी प्रदर्शनं भरतच राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमधल्या प्रदर्शनात एका अबिसिनियन मांजरीला तिसरं बक्षीस मिळालं, आणि ती युद्धात पकडून आणलेली आहे, अशी बातमी १८७२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'हार्पर्स वीकली'मध्ये छापून आली.

आता बक्षीस द्यायचं म्हणजे नियम हवेत. कोणती मांजर चांगली, हे ठरवायला आदर्श हवा. वेअरनं १८८९ मध्ये पुस्तक लिहून निरनिराळ्या मांजरांची वर्णनं आणि गुण ठरवून दिले. त्यात अबिसिनियनही होती. १८८७ मध्ये मांजरवाल्यांचा राष्ट्रीय क्लब निघाला, त्याच्या वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या, आणि १८९६ च्या सुमारास त्या वहीत अबिसिनियनांची नावं चढली. एखाद्या कवीनं उपमा बांधावी तसं आधी वर्णन तयार झालं. मग त्या वर्णनाबरहुकूम मांजरं जन्माला घालणं सुरू झालं. मोठ्या कानांची निवडायची, रेघा असलेली वगळायची, पुन्हा त्यांतलीच जोडी लावायची. स्टेबल्सच्या चित्रातली झूला आजच्या जातिवंत अबिसिनियनच्या शेजारी ठेवली तर दोघींत फारसं साम्य दिसत नाही. त्या चित्रातले कान इतके लहान आहेत, की आजच्या परीक्षकांसमोर ती आद्य अबिसिनियन आमच्या पिंजऱ्यातल्या मांजरीसारखीच नापास झाली असती.

आणि खरी मेख पुढेच आहे. अबिसिनियातून आलेल्या त्या झूलापासून आजच्या अबिसिनियन मांजरांपर्यंत येणारी एकही लेखी वंशावळ नाही. खुद्द इंग्लंडमधल्या जाणकारांनी त्या काळीच शंका काढली होती. त्यांचं म्हणणं असं, की असली सशाच्या रंगाची मांजरं इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतही जन्मतात. लोक त्यांना 'ससामांजर' म्हणत. अशा घरगुती मांजरांचे पट्टेरी मांजरांशी संकर करून ही जात बनवली आणि वर परदेशी नावाचा मुलामा चढवला, असा त्यांचा आरोप. म्हणजे ज्या कागदावाचून आमची मांजर अडली होती, तो कागद मागे मागे वाचत गेलं तर कुठे तरी जाऊन कोराच होतो.

वेअरचंही पुढे मन विटलं. क्लबातल्या मंडळींना मांजरांपेक्षा बक्षिसं प्यारी झाली, अशी त्याची तक्रार होती. थोड्याच वर्षांत त्यानं क्लबाचं अध्यक्षपद सोडलं.

मग ही मांजर मूळची कुठली? याचं उत्तर शोधताना मी हॉलंडमध्ये जाऊन पोचलो, अर्थात पुस्तकातूनच. तिथे लायडन शहराच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेली एक जुनी मांजर आहे. अंग दाणेदार तपकिरी, अगदी अबिसिनियनसारखं. ती संग्रहालयात आली १८३४ ते १८३६ च्या दरम्यान. म्हणजे नेपियरच्या स्वारीच्या तीस-एक वर्षं आधी. आणि तिच्या खालच्या चिठ्ठीवर मायदेश म्हणून लिहिलं आहे इंडिया. पाळीव मांजर, हिंदुस्थानातली.

एका चिठ्ठीवर विसंबू नये, हे खरं. पण अलीकडे मांजरांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनीही अबिसिनियनच्या मुळासाठी बोट दाखवलं आहे ते हिंदी महासागराच्या किनाऱ्याकडे आणि आग्नेय आशियाकडे. कलकत्त्यासारख्या बंदरांतून व्यापाऱ्यांनी, गोऱ्या अधिकाऱ्यांनी ती विलायतेला नेली असावीत, असा तर्क आहे. हे वाचलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. ते रायगडच्या किनाऱ्यावरचे खलाशी. ते सांगायचे, गलबतावर तांडेल नसला तर एक वेळ चालेल, मांजर पाहिजेच. नाहीतर उंदीर धान्यही खातील आणि दोरही. मांजर एका बंदरात चढायची आणि तिसऱ्याच बंदरात उतरून जायची. तिला कोण विचारणार, तुझं गाव कुठलं?

आणि माणसांचं तरी निराळं काय होतं? आपल्या किनाऱ्याला हबसाण हा शब्द नवा नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख तो. हबशी म्हणजे अबिसिनियाचा. पण समुद्रापलीकडून आलेल्या आफ्रिकेतल्या कुणालाही आपल्याकडे सरसकट हबशी म्हणत, मग त्याचा जन्म कुठल्या का गावी झालेला असेना. अहमदनगरची निजामशाही वर्षानुवर्षं तोलून धरणारा मलिक अंबर खरोखरच तिकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनमध्ये आला, १६२६ साली इथेच मेला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. त्यानं वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. गाव एकच, नावं तीन. माणसांना, गावांना, मांजरांना नाव पडतं ते बहुधा शेवटच्या बंदरावरून किंवा शेवटच्या मालकावरून.

पर्शियन मांजरीचंही तसंच. २००८ मध्ये सुमारे अकराशे मांजरांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जातिवंत मांजरंही होती आणि देशोदेशींची रस्त्यावरचीही. त्यात आजच्या पर्शियन मांजरी इराणकडच्या मांजरांजवळ न जाता पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या घोळक्यात जाऊन बसल्या. नाव इराणचं, रक्त युरोपचं. निवाऱ्यातून दोन दिवसांत गेलेल्या त्या पांढऱ्या मांजरीची मला तेव्हा गंमत वाटली. तिच्याकडेही कागद नव्हतेच. केस लांब होते, एवढं लोकांना पुरलं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, सगळ्याच पाळीव मांजरांचं मूळ एकच आहे. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या ९७९ रानटी आणि पाळीव मांजरांचे नमुने तपासले. पाळीव मांजर पश्चिम आशियाच्या बाजूच्या एका रानटी मांजरापासून आली, असा त्यांचा निष्कर्ष. माणूस धान्य साठवायला लागला, त्यामागून उंदीर आले, उंदरांमागून मांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली आहे. त्या साडेनऊ हजार वर्षांच्या सोबतीत जातिवंत मांजरांचा इतिहास मोजला तर बहुतेक जातींच्या वाट्याला शेवटची दीडशे वर्षंही येत नाहीत.

इथे आपली नेहमीची समजूत उलटी होते. आपल्याला वाटतं, रस्त्यावरची मांजर म्हणजे जातिवंत मांजरीची कुठे तरी भेसळ होऊन बिघडलेली लेक. वस्तुस्थिती अशी, की रस्त्यावरची मांजर ही आई आहे. तिच्या हजारो पिल्लांतली मूठभर पिल्लं निवडून, कोंडून, वहीत नावं घालून जाती तयार केल्या. म्हणून निवाऱ्यातल्या मांजरीत अबिसिनियनसारखं काही दिसलं, तर बहुतेक वेळा ती अबिसिनियनकडून आलेली खूण नसते. अबिसिनियनकडे जी खूण गेली, तिचीच ती घरी राहिलेली बहीण असते.

शास्त्रज्ञांनाही या दोघींकडे आळीपाळीनं जावं लागलं. मांजरीच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला कच्चा आराखडा २००७ मध्ये तयार झाला, तो सिनॅमन नावाच्या एका अबिसिनियन मांजरीवरून. तिच्या पूर्वजांची पिढ्यान् पिढ्यांची नोंद होती म्हणून ती निवडली. अबिसिनियनचा हा दाणेदार रंग नेमका कोणत्या जनुकामुळे येतो, हे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्या संशोधनातला मोठा भाग मात्र भटक्या मांजरांवर उभा होता. भटक्या माद्यांची नसबंदी करताना काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांतल्या न जन्मलेल्या पिल्लांची कातडी त्यांनी तपासली. अंगावरची नक्षी केस उगवण्याच्याही आधी ठरलेली असते, हे त्यातून कळलं. घराणेदार मांजरीच्या रंगाचं कोडं बेवारस मांजरींनी सोडवलं म्हणायचं.

कुणी म्हणेल, मग जात ओळखण्याचा खटाटोप अगदीच फोल का? तसंही नाही. अबिसिनियन घराण्यात काही आनुवंशिक आजार आहेत. एकात डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन मांजर आंधळी होते. दुसऱ्यात तांबड्या पेशी लवकर फुटून रक्त कमी होतं. मूठभर मांजरांतच पिढ्यान् पिढ्या जोड्या लावल्या की असे दोष साठत जातात. म्हणून जातिवंत पिल्लू विकत घेणाऱ्यानं आई-बापांच्या तपासण्या जरूर मागाव्यात. तिथे कागदाला अर्थ आहे. निवाऱ्यातल्या मांजरीबद्दल शंका असेल, तर त्या त्या आजाराची सरळ रक्ततपासणी करता येते. त्यासाठी कुळाचा पत्ता लागत नाही.

वंश सांगणाऱ्या जनुकीय चाचण्याही निघाल्या आहेत. त्या तुमच्या मांजरीचा नमुना आपल्याजवळच्या जातिवंत मांजरांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात आणि कुणाशी किती जुळतं ते सांगतात. पण जुळणं म्हणजे त्यांच्यापासून जन्मणं नव्हे. आई लेकीसारखी दिसते म्हणून आपण आईला लेकीची वंशज म्हणत नाही. ज्या मुलखातल्या रस्त्यावरच्या मांजरांपासून जात निघाली असावी, तिथल्या मांजरांच्या बाबतीत तर हा घोळ जास्तच. त्या उत्तराकडे थोडं बेतानंच पाहिलेलं बरं.

आणखी एक गोष्ट, खेड्यातल्या वाचकांसाठी. मांजरीसारखं दिसणारं, मातकट रंगाचं पिल्लू उसाच्या फडात सापडलं, तर ते 'भारी जातीचं' म्हणून घरी नेऊ नका. ते रानमांजराचं, म्हणजे बाऊलाचं पिल्लू असू शकतं. त्याचे पाय लांब असतात, शेपूट आखूड, आणि कानांच्या टोकांवर केसांचा बारीक झुबका. ते पाळीव नाही, वन्यप्राणी आहे. कायद्यानं त्याला संरक्षण आहे. आई बहुधा जवळच असते आणि माणसं दूर झाली की पिल्लाला उचलून नेते. वनखात्याला कळवावं आणि लांब राहावं. जात ओळखण्याचा खरा उपयोग होतो तो असा.

हे सारं मी मुलीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अब्बा, कार्डावर काय लिहू?"

मला चटकन उत्तर सुचेना. हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. कवितावाचन संपलं की कुणी तरी आपुलकीनं जवळ येतं आणि म्हणतं, "मराठी फार छान लिहिता हो तुम्ही. मूळचे कुठले?" मी गावाचं नाव सांगतो. "नाही, पण त्याच्या आधी?" त्याच्या आधीही तेच गाव, असं म्हटलं की समोरच्याचं समाधान होत नाही. त्याला एखादं अरबस्तान, एखादं इराण हवं असतं. माझ्या घरात आजी दळताना ओव्या म्हणायची, त्या मराठीच होत्या. त्याआधीच्या पिढ्यांचे कागद माझ्याजवळ नाहीत. विचारणाऱ्याजवळही त्याच्या नसतात. पण मागितले जातात ते मला. राग येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पिंजऱ्यावरच्या त्या प्रश्नचिन्हामागेही कुठे वाईट होतं? तरी त्याच्यापायी एक जीव महिनोन् महिने पिंजऱ्यात राहिला.

मराठीत प्राण्याची असो, माणसाची असो, जात हा शब्द एकच आहे. मला वाटतं, त्यामुळेच कार्डावर एवढा एक शब्द लिहिताना आमचा दोघांचाही हात अडला.

शेवटी मुलीनं जुनं कार्ड काढून टाकलं आणि नवं लिहिलं : 'मादी. शांत. माणसाळलेली. उंदीर उत्तम मारते.' त्यावर एक-दोन चौकशा आल्याही. पण तोवर उशीर झाला होता. तिच्या पिंजऱ्यासमोर इतके रविवार बसल्यावर तिला दुसरीकडे जाऊ देणं मलाच जमलं नसतं. घरी आणली तेव्हा माझी अम्मी तिच्या वाटीत दूध ओतत म्हणाली, "मांजराचं उष्टं नापाक नसतं. फिरू दे घरभर." नाव मी ठेवलं, झूला. अम्मीला वाटलं, खिडकीतल्या पडद्याला लोंबकळते म्हणून ठेवलं असेल. तेही खरंच आहे.

परवा तिला लस टोचून आणली. डॉक्टरांनी लसीचं कार्ड भरलं. नाव : झूला. रंग : तपकिरी. जात : देशी, आखूड केसांची. मालकाच्या रकान्यात मुलीनं माझं नाव घातलं. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मूळ गावाचा रकाना त्यावर नव्हता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)